गिअर : दोन वेगांची गाठ

मोटार ही आता नवलाची वस्तू राहिलेली नाही. आपल्या महाविद्यालयाच्या फाटकासमोरून एस. टी., ट्रक, वडापच्या जीपा आणि खाजगी मोटारी यांची दिवसभर रीघ लागलेली असते. त्यांत बसण्याचा प्रसंग आपणा सर्वांवरच येतो. परंतु एक गोष्ट तुम्हीही पाहिली असेल. एखादा ड्रायव्हर गाडी अशी नेतो की मांडीवरच्या किटलीतले ताक हिंदकळत नाही, आणि दुसऱ्याच्या गाडीत दर चौकाला प्रवाशांच्या माना पुढेमागे होतात. गाडी तशीच असते, रस्ताही तोच असतो. मग फरक कशात? बहुतांशी तो गिअर बदलण्यात असतो. हा फरक कसा पडतो आणि गिअर गचका न बसता कसा बदलावा, हे सांगण्याचा या लेखात प्रयत्न केला आहे.

कलाशाखेच्या विद्यार्थिनीला हा उपद्व्याप कोणी सांगितला, असे काही वाचक विचारतील. माझे वडील गेली बावीस वर्षे गाडी चालवितात. आधी वडापची जीप, आता भाड्याची मोटार. ते आठवीपर्यंत शिकले. आमच्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर मी शिकाऊ परवाना काढला आणि त्यांच्याच शेजारी बसून गाडी शिकले. गिअर कधी बदलायचा असे विचारले की आप्पांचे उत्तर ठरलेले असे : “गाडीच सांगती. ऐकायचं नुसतं.” गाडी काय सांगते आणि कोणत्या भाषेत सांगते, हे त्यांना विचारून उपयोग नव्हता. ते करून दाखवीत. माझा मावसभाऊ आय. टी. आय.ला मोटार मेकॅनिकचा अभ्यास करतो. त्याची पुस्तके मी मागून आणली आणि पुस्तकात लिहिलेले व गाडीत घडणारे एकमेकांशी ताडून पाहिले. त्यातून जे उमगले ते पुढे देत आहे.

गिअर हवेतच कशाला?

पेट्रोल किंवा डिझेलवरच्या इंजिनाचा एक मोठा दोष असा की त्याला शून्यापासून काम करता येत नाही. नुसते चालू ठेवलेले इंजिनसुद्धा मिनिटाला साधारण ८०० फेरे घेत असते. त्याच्या फार खाली गेले की ते बंद पडते. नेटाने ओढायचे तर त्याला दोन-तीन हजार फेरे तरी लागतात. चाकांचे मात्र तसे नाही. ती उभ्या गाडीत शून्यावर असतात. लहान मोटारीच्या चाकाचा घेर पावणेदोन मीटर धरला, तर ताशी ६० किलोमीटर वेगाला, म्हणजे मिनिटाला १००० मीटरला, ते चाक मिनिटाला सुमारे ५७० फेरे घेते. इंजिनाचे हजारो फेरे आणि चाकाचे काही शेकडा फेरे यांचा मेळ घालण्यासाठी मध्ये दात्यांच्या चाकांची एक पेटी बसविलेली असते. तीच गिअरबॉक्स.

पहारीने दगड उचकटताना आपण पहारीचे लांब टोक बरेच खाली दाबतो, तेव्हा दगड इंचभर वर येतो. हाताला चाल जास्त पडते, पण बळ वाढते. पहिला गिअर ही अशीच लांब पहार होय. इंजिन पुष्कळ फिरते, चाक थोडे फिरते, पण जोराने फिरते. म्हणून उभी गाडी हलवायला आणि खडा चढ चढायला पहिला गिअर लागतो. एकदा गाडी पळू लागली की बळाची गरज कमी आणि वेगाची जास्त होते. मग दुसरा, तिसरा, चौथा असे चढत जावयाचे. एकूण शक्ती गिअरमुळे वाढत नाही. बळ आणि वेग यांची अदलाबदल तेवढी होते.

क्लचचे काम

इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये क्लच असतो. दोन ताटे समोरासमोर धरली आहेत, एक गरगर फिरते आहे आणि दुसरे स्थिर आहे, अशी कल्पना करा. स्थिर ताट फिरत्या ताटावर हळूहळू टेकविले तर आधी ते घासत जाईल, मग घसरत घसरत वेग घेईल आणि शेवटी दोन्ही एकजीव होऊन फिरतील. तेच एकदम आपटले तर धक्का बसेल. फिरणारे ताट म्हणजे इंजिनाचे जड फ्लायव्हील, आणि दुसरे म्हणजे क्लच प्लेट. पायाखालचा क्लच दाबला की ही दोन सुटतात, सोडला की स्प्रिंगच्या जोराने एकमेकांस चिकटतात.

यातली सारी खुबी ‘क्लच पकडतो’ त्या जागी आहे. पाय वर घेताना अर्ध्या वाटेवर कोठेतरी इंजिनाचा आवाज जरासा बसतो आणि गाडीचे नाक किंचित उचलल्यासारखे वाटते. ती ती जागा. दर गाडीत ती थोडी खालीवर असते. म्हणून अनोळखी गाडी हाती आली की आप्पा आधी एकदोनदा पायाने ती जागा शोधतात. त्या जागेपर्यंत पाय लवकर आला तरी चालतो. तेथे मात्र क्षणभर थांबावयाचे, थोडी रेस द्यावयाची आणि गाडी हलली की उरलेला पाय सोडून द्यावयाचा. नवशिके नेमके उलटे करतात. खालच्या रिकाम्या जागेत पाय सावकाश आणतात आणि पकडीच्या जागी घाबरून एकदम सोडतात. त्यामुळे गाडी बेडकासारखी उडी मारते किंवा बंद पडते.

गाडी चालू असताना क्लचवर पाय ठेवून बसणे, किंवा चढावर हँडब्रेक न लावता ‘हाफ क्लच’वर गाडी तोलून धरणे, ही सवयही वाईटच. त्यात प्लेट सतत घासते, तापते आणि जळल्याचा उग्र वास येतो. भाड्याच्या गाडीवर पोट असणाऱ्याला नवीन क्लच प्लेटचा खर्च म्हणजे बऱ्याच दिवसांच्या कमाईचा प्रश्न असतो.

दोन वेगांची गाठ

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. प्रत्येक गिअरमध्ये, गिअरबॉक्समधून चाकांकडे जाणारा दांडा एकदा फिरण्यासाठी इंजिनाला किती फेरे घ्यावे लागतात, ते ठरलेले असते. समजा, एखाद्या गाडीत पहिल्या गिअरला साडेतीन फेरे, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला १·४ आणि चौथ्याला एक असे प्रमाण आहे. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये असून इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत आहे. म्हणजे तो दांडा १५०० फेरे घेतो आहे. आपल्याला तिसरा टाकावयाचा आहे. गाडीचा वेग क्षणात बदलत नाही, तेव्हा दांडा १५०० वरच राहणार. तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनाला हवेत १५०० गुणिले १·४, म्हणजे २१०० फेरे. याचा अर्थ, क्लच दाबून पुन्हा सोडेपर्यंत इंजिन ३००० वरून २१०० वर उतरले पाहिजे.

ते उतरले असेल तर क्लच सुटताना दोन्ही ताटे एकाच वेगाने फिरत असतात आणि प्रवाशाला गिअर बदलल्याचा पत्ताही लागत नाही. न उतरता वरच राहिले तर गाडी पुढे हिसका मारते. वाजवीपेक्षा खाली गेले तर ब्रेक लागल्यासारखी अडखळते. गिअर सफाईने बदलणे म्हणजे काय, याचे सगळे मर्म या एका हिशेबात आहे. इंजिनाचा वेग आणि चाकांचा वेग यांची गाठ घालून द्यावयाची, आणि गाठ पडल्यावर क्लच सोडावयाचा.

वरचा गिअर टाकताना हे काम सोपे असते, कारण रेस सोडली की इंजिन आपोआप उतरू लागते. क्रम असा : रेस सोडणे आणि क्लच पूर्ण दाबणे एकदमच, मग दांडा न्यूट्रलमध्ये, तेथे अगदी क्षणभर विसावा, मग पुढचा गिअर, आणि क्लच सोडता सोडता पुन्हा हलकी रेस. आता पहिल्यावरून दुसऱ्यावर जातानाचा हिशेब करून पहा. ३००० वरून इंजिनाला सुमारे १७०० वर यावे लागते. तेराशे फेऱ्यांची ही उतरण दुसऱ्यावरून तिसऱ्याच्या नऊशेपेक्षा बरीच मोठी आहे. प्रवाशांच्या माना सर्वांत जास्त हलतात त्या पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना, त्याचे कारण हेच. तेथे क्लच जरा सावकाश सोडावा. वरच्या गिअरांना तेवढी सवड लागत नाही.

खालचा गिअर टाकताना गणित उलटे होते. तिसऱ्यात २१०० वर असलेल्या इंजिनाला दुसऱ्यात ३००० फेरे हवेत, आणि इंजिन आपण होऊन वर चढत नाही. म्हणून क्लच दाबलेला असतानाच रेसला पायाने हलकी टिचकी द्यावयाची, इंजिनाचा आवाज वर उठला की क्लच सोडावयाचा. ही टिचकी दिली नाही तर इंजिनाला ओढून वर नेण्याचे काम चाकांवर येऊन पडते. प्रवासी पुढे फेकले जातात, प्लेट घासते, आणि पावसाळ्यात निसरड्या रस्त्यावर चाके घसरण्याचाही संभव असतो. समोर वळण असेल तर आधी ब्रेकने वेग कमी करावा, मग गिअर उतरवावा. वेग उतरलेला असला की मधले अंतरही लहान होते.

पितळेचे कडे

गिअर टाकताना कधी कधी दळण दळल्यासारखी खरखर होते. लोक समजतात की आतले दाते एकमेकांत नीट बसले नाहीत. वस्तुतः आजच्या गिअरबॉक्समध्ये पुढे जाण्याच्या गिअरांची दातेरी चाके कायमच एकमेकांत अडकलेली असतात. आपण दांडा हलवितो तेव्हा एक सरकते कडे त्यांपैकी एका चाकाला दांड्याशी जखडते. कडे आणि चाक वेगवेगळ्या वेगाने फिरत असली तर त्यांचे छोटे दाते एकमेकांवर घासतात. ती खरखर त्यांची.

ही अडचण दूर करणारी युक्ती म्हणजे सिंक्रोमेश. अर्ल थॉम्पसन या अमेरिकन इंजिनिअरची ही कल्पना कॅडिलॅक मोटारीत १९२८ साली प्रथम आली. जखडणाऱ्या कड्याच्या आधी एक निमुळते, बहुधा पितळेचे, कडे असते. ते चाकाच्या निमुळत्या भागावर दाबले जाते आणि घर्षणाने दोघांचा वेग एक करते. त्यानंतरच दाते अडकतात. सारांश, गिअरबॉक्सच्या पोटात प्रत्येक गिअरसाठी एक चिमुकला क्लचच बसविलेला आहे. पूर्वीच्या अनेक गाड्यांना पहिल्या गिअरपुरती ही सोय नसे. त्यांत पहिला टाकावयाचा तर गाडी पुरती थांबवावी लागे.

यावरून दोन गोष्टी कळतात. एक, हे कडे अंगाने लहान आहे. क्लच पूर्ण दाबलेला असेल तर त्याला फक्त प्लेट आणि तिचा हलका दांडा एवढ्यांचाच वेग बदलावा लागतो, आणि ते काम त्याला झेपते. क्लच अर्धवट दाबला तर त्याला सबंध इंजिनाशी झुंजावे लागते. मग खरखर होते आणि कडे झिजते. दुसरी गोष्ट, त्याला थोडा वेळ लागतो. न्यूट्रलमधला तो क्षणभराचा विसावा त्याच्यासाठीच. म्हणून दांड्यावर मूठ आवळू नये, तळहाताने दांडा त्या जागेकडे न्यावा आणि तो आत ओढला जाईपर्यंत हलका दाब ठेवावा. आप्पांच्या शब्दांत, “गिअर आदळायचा नसतो, ठेवायचा असतो.” रिव्हर्सला पुष्कळ गाड्यांत सिंक्रोमेश नसतो. तेव्हा गाडी संपूर्ण थांबवून, क्लच दाबून, एकदोन क्षण जाऊ देऊन मगच तो टाकावा. तरीही न पडल्यास न्यूट्रलमध्ये क्लच एकदा सोडून पुन्हा दाबावा. जोर करू नये.

सिंक्रोमेश नसलेल्या जुन्या ट्रकांवरचे ड्रायव्हर ‘डबल क्लच’ करीत. क्लच दाबून न्यूट्रल, तेथे क्लच सोडून हिशेबाने रेस, पुन्हा क्लच दाबून खालचा गिअर. पितळेच्या कड्याचे काम ते पायाने आणि कानाने करीत असत. गिअर पडताना आवाज झाला की हिशेब चुकला, हे सगळ्या गाडीला ऐकू जाई.

घाटात

सपाटीवर गिअर वाईट बदलला तर फार तर मान दुखेल. घाटात मात्र प्रश्न जिवाचा असतो. आमच्या भागातील लोकांना कराड-चिपळूण रस्त्यावरचा कुंभार्ली घाट परिचयाचा आहे. सह्याद्रीच्या माथ्यावरून कोकणात उतरताना पाच-सहाशे मीटरची उंची सहज उतरावी लागते. माणसांसह १५०० किलो वजनाची गाडी ६०० मीटर उतरली, तर उंचीमुळे तिच्यात साठलेली शक्ती कोठेतरी खर्च व्हावी लागते. ती सगळी ब्रेकवर घातली तर तेवढ्या उष्णतेने सुमारे २८ लिटर साधे पाणी उकळीला येईल. हंडाभर पाणी उकळविणारी ही उष्णता चार चाकांच्या ब्रेकमध्ये साठू लागते. ब्रेक फार तापले की त्यांची पकड कमी होते. नळीतले ब्रेकचे तेल उकळले तर त्यात वाफेचे बुडबुडे होतात, आणि मग पायाखालचा ब्रेक नुसताच खाली जातो.

यावरचा उपाय गिअरमध्येच आहे. खालच्या गिअरमध्ये रेस सोडून दिली की चाकेच इंजिनाला फिरवू लागतात, आणि इंजिन त्यांना मागे ओढून धरते. ब्रेकला मध्ये मध्ये विश्रांती मिळते. ड्रायव्हर मंडळींत पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाणारे सूत्र हेच आहे : “ज्या गिअरात चढलीस, त्याच गिअरात उतर.” हा गिअर उतार सुरू होण्यापूर्वी टाकावा. वेग वाढल्यावर खालचा गिअर टाकू पाहणे म्हणजे घर पेटल्यावर विहीर खणणे.

तेल वाचविण्यासाठी काही जण उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडतात, काही महाभाग इंजिनही बंद करतात. न्यूट्रलमध्ये सगळा भार ब्रेकवर येतो. इंजिन बंद केले तर ब्रेकला मिळणारी हवेच्या पोकळीची मदत दोन-चार दाबांत संपते आणि ब्रेक दगडासारखा कठीण होतो. शिवाय आजच्या इंजेक्शनच्या गाड्यांत, गिअरमध्ये रेस सोडून उतरताना इंजिनाचे तेल आपोआप तोडले जाते. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू राहण्यापुरते तेल जळतच असते. तेव्हा जिवावर उदार होऊन वाचविलेले ते तेल वाचतही नाही.

गाडी सांगते म्हणजे काय?

इतके समजल्यावर आप्पांच्या उत्तराचा अर्थ मला लागला. इंजिन जड आवाजात घुरघुरू लागले, अंग थरथरू लागले आणि रेस दाबूनही गाडी उचलेना, म्हणजे गाडी खालचा गिअर मागते आहे. आवाज बारीक आणि चढा होत गेला, पण त्या मानाने वेग वाढेना, म्हणजे वरचा मागते आहे. दोन वेगांची गाठ पडली की नाही, तेही आवाजावरूनच कळते. मी कागदावर १५०० गुणिले १·४ करते. आप्पा तोच गुणाकार वळणावर, बोलता बोलता, कानाने करतात, आणि त्यांचे उत्तर माझ्यापेक्षा लवकर येते.

तत्त्वज्ञानाच्या तासाला आम्हाला गिल्बर्ट राइल या इंग्रज विचारवंताचा परिचय करून देण्यात आला. ‘द कन्सेप्ट ऑफ माइंड’ या १९४९ सालच्या ग्रंथात त्याने ‘अमुक आहे हे जाणणे’ आणि ‘अमुक कसे करावे हे जाणणे’ यांत भेद केला, आणि दुसऱ्या प्रकारचे जाणणे हेही बुद्धीचेच काम आहे असे प्रतिपादले. तो तास चालू असताना माझ्या डोळ्यांपुढे आप्पांचा डावा पाय होता, हे येथे सांगण्यास हरकत नाही. आमच्या घरी येणारे पाहुणे “पोरगी शिकती, बाप नुसता गाडी चालवतो” असे कौतुकाने म्हणतात. त्यातला ‘नुसता’ हा शब्द मला आता खटकतो.

दिवस बदलत आहेत. भारतात २०१४ साली मारुती सेलेरिओ ही मोटार आली, तिच्यात क्लच दाबण्याचे आणि गिअर बदलण्याचे काम यंत्र करते. आत गिअरबॉक्स आणि क्लच नेहमीचेच असतात. फक्त पायाची आणि कानाची जागा विजेवर चालणाऱ्या उपकरणाने घेतली आहे. विजेच्या मोटारीत तर बहुधा गिअर बदलणे नाहीच, कारण तिच्या मोटरला शून्यापासून जोर लावता येतो. यात खेद करण्यासारखे काही नाही. डाव्या पायाचे कष्ट वाचले तर घाटातल्या गर्दीत दिवस काढणाऱ्या ड्रायव्हरला ते हवेच आहेत. पण जी विद्या यंत्राला शिकवायला इंजिनिअरांना इतकी वर्षे लागली, ती हजारो ड्रायव्हरांनी एकमेकांच्या शेजारी बसून, एका ओळीचेही टिपण न करता आत्मसात केली होती. तिची नोंद आपल्यासारख्या लिहिता येणाऱ्यांनी करून ठेवणे बरे.

आणि तूर्त तरी आपल्या रस्त्यांवरच्या बहुतेक गाड्यांना तीन पायपट्ट्या आणि एक दांडा आहे. तेव्हा पुढच्या वेळी वडापमध्ये किंवा एस. टी.मध्ये बसाल तेव्हा खिडकीबाहेर पाहण्याबरोबर जरा इंजिनाकडेही कान द्या. चढ लागण्याआधी आवाज किंचित वर उठला, गिअर उतरला आणि शेजारच्या म्हातारीची डुलकी मोडली नाही, तर समजा की पुढे बसलेल्या माणसाने नुकतेच एक अवघड गणित बरोबर सोडविले आहे.